धातूच्या सांध्याची सावली

गेल्या वर्षभरात या सदराकडे आलेली पत्रे परवा बसून निवडली, तेव्हा एक मौज लक्षात आली. पूर्वी पत्रे येत ती मुलांच्या गणिताबद्दल. फार तर भिंतीवरचे घड्याळ मागे का पडते, उन्हाळ्यात दही लवकर का लागते, असल्या गोष्टींबद्दल. यंदा पहिला नंबर लागला तो गुडघ्यांचा, आणि त्याखालोखाल खुब्यांचा. माझ्याबरोबर माझे वाचकही म्हातारे होत चालले आहेत, हा त्याचा एक अर्थ. दुसरा असा, की सांधा बदलणे ही आता फक्त श्रीमंतांच्या घरची गोष्ट राहिली नाही. २०१७ च्या ऑगस्टात सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला ५४ हजार ७२० रुपये आणि वर कर. आता चाळीत म्हणा, सोसायटीत म्हणा, भजनी मंडळात म्हणा, चार वयस्क माणसे जमली की त्यांत एखादा तरी गुडघा धातूचा निघतोच.

पत्रांतला प्रश्न मात्र शस्त्रक्रियेचा नाही. तिच्या नंतरचा आहे. मिरजेच्या एक भगिनी लिहितात, ‘सासूबाईंच्या खुब्यात धातूचा सांधा आहे. आता त्यांच्या कमरेचा एमआरआय काढायला सांगितला आहे. शेजारच्या काकू म्हणतात, ते यंत्र सांधा ओढून बाहेर काढील. खरे का हो?’ दादरचे एक निवृत्त गृहस्थ लिहितात, की गुडघा बदलून तीन वर्षे झाली, दुखणे थांबत नाही, आणि ‘आत धातू आहे, तेव्हा फोटोत काही दिसायचे नाही’ असे सांगून त्यांना दोन ठिकाणांहून परत पाठवले. हे दोन्ही प्रश्न वरवर एकच वाटतात, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांना उत्तरही एकच मिळते: धातू आहे ना, मग एमआरआय नको. पण प्रश्न दोन आहेत. धातू ओढला जाईल का, हा एक; आणि धातूभोवतीचे दिसेल का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्यासाठी हा सारा प्रपंच.

पहिला आधी उरकून घेऊ. एमआरआयचे यंत्र म्हणजे एक प्रचंड लोहचुंबक. त्याची ताकद सहसा दीड किंवा तीन टेस्ला असते. दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट! आणि हा चुंबक दिव्यासारखा बटण दाबून मालवता येत नाही. आत रोगी असो वा नसो, तो आपला जागाच. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात प्राणवायूचे नळकांडे हातात घेऊन एक तरुण नातेवाईक त्या खोलीत शिरला, नळकांड्यासकट यंत्राकडे ओढला गेला आणि प्राणास मुकला. शेजारच्या काकूंची भीती अगदीच हवेतली नाही, ती अशी.

परंतु नळकांड्याचे पोलाद निराळे आणि सांध्याचा धातू निराळा. सांधे होतात कोबाल्ट-क्रोमियमचे, टायटॅनियमचे, नाहीतर एका खास जातीच्या स्टेनलेस पोलादाचे. यांना चुंबक धरू शकत नाही. खोटे वाटत असेल तर फ्रीजच्या दारावरचा चुंबक काढून घरातल्या स्टीलच्या भांड्यांना लावून पाहा. एखाद्या पातेल्याला तो चटकन चिकटेल, आणि शेजारच्या डब्यावरून सरळ घसरून पडेल. दोन्ही स्टीलच, पण घडण वेगळी. शिवाय सांधा हाडात पक्का बसलेला असतो. तेव्हा मिरजेच्या सासूबाईंनी निर्धास्त असावे. मात्र ‘माझ्या खुब्यात अमुक सांधा आहे’ हे सांगितल्यावाचून आत पाऊल टाकू नये. यंत्रातल्या रेडिओलहरींनी धातू थोडा तापू शकतो, म्हणून चालवणाऱ्याला तो आधी ठाऊक असावा लागतो. हृदयाचे पेसमेकर आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना लावलेल्या क्लिपा ही तर स्वतंत्र प्रकरणे. त्यांना सांध्याचा न्याय लावू नये. आणि हो, मंगळसूत्र, बांगड्या, केसांतल्या पिना बाहेर काढून ठेवायच्या. सोन्याला चुंबक ओढत नाही हे खरे. पण फासा कशाचा आहे, हे सोनाराखेरीज कोण सांगणार?

आता दुसरा प्रश्न. दादरच्या गृहस्थांचे पत्र वाचताना मला सारखी माझी अक्का आठवत होती. तिची हकीकत सांगतो.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. २०१९ साली तिचा उजवा खुबा बदलला. शस्त्रक्रिया उत्तम झाली. सहा आठवड्यांनी ती काठीवाचून चालू लागली आणि दसऱ्याला स्वतःच्या पायांनी जिना उतरून सोने वाटायला आली. पुढे दोन वर्षांनी खुब्याच्या बाहेरच्या अंगाला दुखू लागले. त्या कुशीवर निजता येईना. चालताना एका बाजूला कलायची. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. सांधा जिथल्या तिथे, हाड चांगले, धातू घट्ट. ‘काही काळजी नको, आजीबाई.’ औषध दिले, दुखणे राहिले. मग घराजवळच्या एका केंद्रात एमआरआय काढला. फोटो हातात आला तेव्हा मला प्रथम वाटले, की कागदावर कोणी निखारा ठेवला होता! खुब्याच्या जागी भले थोरले काळे भोक, त्याच्या कडेने पांढऱ्या वेड्यावाकड्या ज्वाळा. अहवालात एक ओळ: धातूमुळे या भागाविषयी मत देता येत नाही. पुढच्या डॉक्टरांनी ती ओळ वाचली, अक्काकडे पाहिले आणि म्हणाले, ‘वय झाले की थोडेफार दुखायचेच.’

त्या रात्री अक्का मला म्हणाली, “अरे, फोटोत काही नाही म्हणतात. मग हे माझ्या मनातच असेल का रे?”

पन्नास वर्षे घर, नोकरी, दोन बाळंतपणे आणि सासूचे आजारपण निभावलेली बाई स्वतःच्या दुखण्यावर संशय घेऊ लागली होती. ‘दिसत नाही’ आणि ‘नाही’ या दोन शब्दप्रयोगांत किती अंतर आहे, हे मी कॉलेजात पस्तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवताना मुलांना बजावत आलो. पण ते अंतर माझ्याच घरात असे येऊन बसेल असे वाटले नव्हते.

धातूने फोटो का बिघडतो, हे थोडे समजून घेतले पाहिजे. राँटगेनने १८९५ च्या डिसेंबरात आपल्या पत्नीच्या हाताचा जो जगप्रसिद्ध फोटो काढला, त्यात बोटांच्या हाडांबरोबर ठळक दिसते ती तिची अंगठी. म्हणजे क्ष-किरण जन्मले तेव्हापासून धातू फोटोत आहेच. साध्या एक्स-रेला त्याचा त्रास होत नाही, कारण तो फोटो म्हणजे नुसती सावली. धातूची सावली गडद, हाडाची त्याहून फिकी आणि मांसाची जवळजवळ नाहीच. सांधा सैल झाला, हाड झिजले, धातू सरकला तर एक्स-रे सांगतो. म्हणूनच आजही पहिला फोटो त्याचाच. पण स्नायू, त्यांच्या दोऱ्या आणि सांध्याभोवती साठलेले पाणी यांविषयी तो मुका.

सीटी स्कॅन ही याच सावल्यांची मोठी बेरीज. १९७१ साली लंडनमध्ये हाउन्सफील्डच्या यंत्राने पहिल्या रोग्याच्या डोक्याचा फोटो काढला, तो असंख्य बाजूंनी सावल्या घेऊन आणि त्या गणिताने जुळवून. बेरजेतली एक रक्कम चुकली की उत्तर चुकते. तसे धातूमागून किरण आलेच नाहीत, किंवा त्यांतले दुबळे किरण गाळले जाऊन फक्त जोमदार तेवढे पोचले, की त्या दिशेचा आकडा खोटा ठरतो आणि साऱ्या फोटोभर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या उमटतात. मांडवात खांबामागे बसलेल्याला नवरदेव दिसत नाही, आणि तरीही त्यालाच लग्नाचे वर्णन करायला सांगावे, तशातली गत.

यावर १९८७ साली कालेंडर या जर्मन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जो उपाय छापला, तो आमच्या आईच्या पिढीला ताबडतोब समजला असता. तो उपाय म्हणजे रफू. प्रत्येक सावलीतला धातूचा डाग कापून काढायचा, आणि भोवतालचे धागे पाहून मधले भोक अंदाजाने भरायचे. मग बेरीज करायची. पट्ट्या पुष्कळ कमी होतात. पुढे या रफूत खूप सुधारणा झाल्या. दोन निरनिराळ्या जोमाचे किरण वापरणारी यंत्रे आली, आणि २०२१ मध्ये अमेरिकेत किरणांचा एकेक कण मोजणाऱ्या सीटी यंत्राला परवानगी मिळाली. ही सगळी प्रगती मला मान्य आहे. पण भरलेले सूत मूळचे नसते, याचा विसर पडू नये. जे भोक भरले त्यातच रोग असेल, तर उत्तम रफू तो रोग झाकूनही टाकील. हल्ली संगणकाच्या कृत्रिम बुद्धीकडून असले रफू करून घेण्याचे प्रयत्न चालू आहेत. ते जितके बेमालूम होईल तितके मला त्याचे भय जास्त वाटते. ठिगळ दिसत असले तर माणूस सावध तरी राहतो.

एमआरआयची गोष्ट वेगळी. त्यात सावली नाही. त्यात सूर आहेत. आपल्या अंगात पाणी आणि चरबी भरपूर, आणि त्या दोहोंत हायड्रोजन. त्याच्या अणूचे केंद्र म्हणजे एक इवलासा भोवरा आहे असे समजा. जोरदार चुंबकात हा भोवरा एका ठराविक गतीने डुलतो. दीड टेस्लात सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा. म्हणजे तुमच्या रेडिओवरच्या एफ.एम. पट्ट्याच्या थोडे खाली. यंत्र नेमक्या त्याच सुरात त्याला हाक मारते, आणि तो देतो ती ‘ओ’ ऐकते. आता ओ कोणाकडून आली हे कसे कळायचे? तर चुंबकाचा जोर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किंचित चढता ठेवायचा, म्हणजे जागेप्रमाणे सूर बदलतो. ही युक्ती लॉटरबर यांनी १९७३ मध्ये मांडली आणि २००३ मध्ये मॅन्सफील्ड यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळवले.

एक वर्ग डोळ्यांपुढे आणा. गुरुजी डोळे मिटून हजेरी घेत आहेत. पहिल्या बाकाने ‘सा’त ओ द्यायची, दुसऱ्याने ‘रे’त, तिसऱ्याने ‘ग’त. सूर ऐकायचा आणि त्या बाकापुढे हजेरी मांडायची. छान चालले आहे. आता वर्गाच्या मध्यभागी धातूचा सांधा आणून बसवा. तो ओढला जात नाही हे खरे, पण आपल्याभोवतीचा चुंबकाचा जोर मात्र बिघडवतो. त्याच्या जवळच्या मुलांचे सूर चढतात किंवा उतरतात. पहिल्या बाकावरचे पोर ‘ग’ लावते. गुरुजी त्याची हजेरी तिसऱ्या बाकापुढे मांडतात. पहिला बाक रिकामा दिसतो, तिसऱ्यावर दुप्पट गर्दी. फोटोत रिकाम्या बाकाचे झाले काळे भोक, आणि गर्दीची झाली पांढरी ज्वाळा. आणि जी मुले धातूला अगदी खेटून बसली आहेत, त्यांचे सूर इतके हललेले असतात, की गुरुजींची हाकच त्यांना लागू पडत नाही; ती ओ देतच नाहीत.

अक्काच्या फोटोतला निखारा तो हा. म्हणजे त्या काळ्या भोकात स्नायू होता, पाणी होते, दुखणे होते. सगळी मुले वर्गात हजर होती. त्यांची नोंद चुकीच्या जागी झाली होती, किंवा झालीच नव्हती.

हे एकदा ध्यानात आले, की उपायही आपोआप सुचू लागतात. बाकांच्या सुरांमधले अंतर वाढवा, म्हणजे थोडासा बिघडलेला सूर फार दूर जाणार नाही. चकत्या पातळ घ्या. धातूपुढे हमखास कोलमडणाऱ्या काही पद्धती आहेत, त्या सोडून दणकट पद्धती वापरा. चरबीची चमक पुसण्याची नेहमीची रीत नेमकी सुरावर अवलंबून असते, ती टाळून दुसरी घ्या. आणि शक्य तर चुंबक लहान घ्या. ‘मोठे यंत्र ते चांगले’ हा आपला समज इथे साफ उलटा पडतो. चुंबक जितका जबर तितका धातूने केलेला बिघाड जास्त, म्हणून तीन टेस्लापेक्षा दीड टेस्ला बरा. धातूधातूंतही फरक आहे: टायटॅनियम त्यातल्या त्यात सोशिक, कोबाल्ट-क्रोमियम अधिक खोडकर आणि पोलाद सर्वांत द्वाड. न्यूयॉर्कच्या एका अस्थिरुग्णालयात हॉलिस पॉटर या विदुषींनी २००४ साली दाखवून दिले होते, की साध्याच यंत्रावर या गोष्टी काळजीने सांभाळल्या तरी बदललेल्या खुब्याभोवतीचे मांस पुष्कळ दिसते.

खरी मजल मारली गेली ती २००९ मध्ये. एकाच वर्षी, एकाच नियतकालिकात दोन वेगळ्या पद्धती प्रसिद्ध झाल्या. केव्हिन कॉख व सहकारी यांच्या पद्धतीचे नाव मॅव्हरिक, आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मंडळींच्या पद्धतीचे सीमॅक. मॅव्हरिकमध्ये गुरुजी एकदाच हाक मारून थांबत नाहीत. आधी नेहमीच्या सुरात हाक. मग थोड्या वरच्या सुरात, मग आणखी वरच्या, मग खालच्या. ज्या पोराचा सूर जसा बिघडला असेल, त्याला त्याच्याच सुरातली हाक कधी ना कधी पोचते. या सगळ्या हजेऱ्या शेवटी एकत्र करायच्या. सीमॅकवाल्यांनी दुसरे टोक धरले. फोटोची एकेक चकती घेताना, ती वाकून शेजारच्या कोणकोणत्या चकत्यांत घुसली आहे हेही मोजायचे, आणि भरकटलेल्या प्रत्येकाला उचलून मूळच्या जागी नेऊन बसवायचे. पुढे २०११ मध्ये दोन्हीकडच्या लोकांनी एकत्र येऊन या दोन पद्धतींचे मीलन घडवले. एवढे शहाणपण भावकीच्या वाटण्यांत दिसते तर किती खटले वाचले असते!

माझ्या मते या पद्धतींचा खरा मोठेपणा असा, की त्या रफू करीत नाहीत. हरवलेला धागा शोधून आणतात. धातूला अगदी चिकटून एक काळी किनार राहतेच, फोटो थोडा कमी रेखीव येतो आणि वेळ जास्त लागतो. सुरुवातीला तर इतका लागे, की दुखऱ्या पायाच्या माणसाने तेवढा वेळ निश्चल पडून राहणे हीच शिक्षा. गणिताच्या नव्या युक्त्यांनी तो वेळ आता बराच खाली आला आहे.

पण एवढा खटाटोप कशासाठी? सांध्याभोवतीचे मांस पाहण्याची इतकी निकड का? त्याचे उत्तर सांधेबदलाच्या इतिहासातच आहे. आजच्या खुब्याचा जनक म्हणजे इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयाचे जॉन चार्नली. त्यांनी आधी खुब्याची वाटी टेफ्लॉनची केली. रोगी आनंदाने चालू लागले. पण दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजले, आणि त्याच्या बारीक चुऱ्याने भोवतालचे मांस खवळले. शेकडो शस्त्रक्रिया वाया. मग चार्नलींनी काय करावे? टेफ्लॉन आणि पॉलिएथिलीन यांचे नमुने स्वतःच्या मांडीत घालून घेतले! टेफ्लॉनची गाठ सुजली, दुसऱ्याने काही केले नाही. १९६२ च्या नोव्हेंबरपासून त्यांनी पॉलिएथिलीनची वाटी आणि धातूचा गोळा असा जोड बसवायला सुरुवात केली, आणि त्याच मळवाटेवरून जग आजही चालते आहे.

पुढच्या पिढीने तो धडा पुन्हा एकदा गिरवला. धातूच्या वाटीत धातूचाच मोठा गोळा बसवण्याची टूम निघाली. तरुण रोग्यांना तो जन्मभर पुरेल अशी आशा होती. पण दोन धातू एकमेकांवर घासून कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण सुटू लागले. काहींच्या खुब्याभोवती पाण्याच्या पिशव्या तयार झाल्या, स्नायू कुजू लागले. एप्रिल २०१० मध्ये ब्रिटनच्या औषधनियंत्रक संस्थेने इशारा दिला: अशा रोग्यांवर लक्ष ठेवा, त्रास असेल तर रक्तातला कोबाल्ट-क्रोमियम तपासा आणि धातूसाठी जमवलेला एमआरआय किंवा सोनोग्राफी करा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डीप्यू कंपनीने आपला ए.एस.आर. नावाचा खुबा जगभरातून परत मागवला. आपल्याकडेही असे खुबे बसवलेले रोगी होते, आणि २०१७ साली केंद्र सरकारला त्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. यातली भयंकर गोष्ट अशी, की कित्येकांचा एक्स-रे निर्दोष असे. काहींना तर दुखतही नसे. मांस आतून खाल्ले जात होते, आणि ते दाखवू शकणाऱ्या फोटोत नेमके तिथेच काळे भोक! मॅव्हरिक आणि सीमॅक यांना लवकर व्यवहारात आणण्याची घाई का झाली, हे आता सांगायला नको.

अक्काचा खुबा त्या जातीचा नव्हता. साधा, चार्नलींच्या वळणाचा. माझा एक जुना विद्यार्थी मुंबईत क्ष-किरणतज्ज्ञ आहे. मी फोनवर सारे सांगितले, तर त्याने अक्काचे वय विचारले नाही. म्हणाला, “सर, यंत्र कितीचे होते? आणि धातूसाठीची मालिका लावली होती का?” यंत्र तीन टेस्लाचे होते. मालिकेचे नाव आम्ही प्रथमच ऐकत होतो. त्याने अक्काला बोलावून दीड टेस्लाच्या यंत्रात पाऊण तास निजवले.

नव्या फोटोत धातूचा दांडा आणि गोळा तेवढा काळा होता, आणि त्याच्याभोवती एक बारीक काळी किनार. बाकी सारा खुबा जसाच्या तसा. बाहेरच्या अंगाचा, पायाला तोलून धरणारा जो स्नायू असतो, त्याची दोरी हाडावरून सुटली होती, आणि रिकाम्या जागेत पाण्याची एक पांढरी रेघ साचली होती. अक्काने चष्मा लावला, त्या रेघेवर बोट ठेवले आणि विचारले, “म्हणजे आहे ना?”

आहे, म्हटल्यावर तिचा चेहरा एकदम हलका झाला. पुढची गोष्ट मात्र काही जादूची नाही. दोरी पुन्हा शिवण्याची शस्त्रक्रिया करता येते, पण इतक्या दिवसांनी, आक्रसलेल्या स्नायूवर तिचा भरवसा कमी. तिने ती नाकारली. व्यायाम सुरू केला, डाव्या हातात काठी घेतली. दुखणे निम्म्यावर आले आहे. पहिल्याच वर्षी कळले असते तर कदाचित काठी टळती, असे माझा विद्यार्थी म्हणाला. अक्काला मी ते सांगितलेले नाही. ती हा अंक वाचते, तेव्हा आता कळेल.

दादरच्या गृहस्थांना मी निराळे पत्र घातले आहेच. पण त्यांच्यासारखे आणखी असतील. धातूच्या सांध्याचा त्रास म्हणजे एमआरआयच, असा ग्रह करून घेऊ नये. जंतूंचा संशय असेल तर रक्त आणि सांध्यातले पाणी तपासणे हाच राजमार्ग. पुष्कळदा सोनोग्राफीने भागते. आणि कोणता फोटो हवा हे अस्थितज्ज्ञाने ठरवायचे. पण एमआरआय ठरलाच, तर केंद्रात पैसे भरण्याआधी विचारावे: तुमच्याकडे दीड टेस्लाचे यंत्र आहे का, आणि धातूसाठीची मालिका त्यात आहे का? ही सोय प्रत्येक यंत्रात नसते. पुष्कळ ठिकाणी ती वेगळी विकत घेतलेली असावी लागते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘धातूचा सांधा’ हे शब्द स्वच्छ लिहून घ्यावेत, म्हणजे यंत्रावरचा माणूस नेहमीच्या ठराविक रीतीने फोटो काढून मोकळा होणार नाही. या प्रश्नांना कोणी हसले तर हसू द्यावे. आपण बाजारात आंब्याची पेटी सुद्धा तळापर्यंत तपासून घेतो.

आणि एक कागद. शस्त्रक्रियेच्या वेळी सांध्याच्या खोक्यावरच्या छोट्या चिठ्ठ्या काढून त्या रोग्याच्या कागदपत्रांत डकवतात. कंपनी, धातू, माप, क्रमांक, सगळे त्यांवर असते. अक्काच्या चिठ्ठ्या आम्ही दोन तास शोधत होतो. औषधांच्या डब्यात नाहीत, विम्याच्या फायलीत नाहीत. शेवटी सापडल्या त्या नातवाच्या मुंजीच्या उरलेल्या निमंत्रणपत्रिकांच्या पिशवीत. आता त्यांची एक प्रत गॅसच्या पुस्तकात आहे आणि दुसरी माझ्या पाकिटात.